उजनी ‘उणे ५०’ असताना धरणात पाणी किती असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमची शेती माढा तालुक्यात, उजनीच्या डाव्या कालव्यावर. आजोबा म्हणतात, त्यांनी उजनीचा तळ कधी पाहिलेला नाही. पेपरात मात्र दर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’, ‘उणे ५० टक्के’ असं येतं. पाणी उणं कसं असेल? आणि पाणी असेलच, तर ते सोलापूरला सुटतं, आमच्या कालव्याला का सुटत नाही?”

आजोबांचं खरं आहे आणि पेपरही खोटं छापत नाही. घोळ टक्क्यात आहे. पाटबंधारे खात्यातली माझी बत्तीस वर्षं याच टक्क्यांची उत्तरं देण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

भीमेवरची उजनी पूर्ण भरली की तिच्यात ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि उरलेलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरातला टक्का निघतो तो फक्त या ५३.५७ वर. म्हणजे ‘उजनी शून्यावर आली’ अशी बातमी येते त्या दिवशी धरणात ६३.६६ टीएमसी पाणी उभं असतं. एक टक्का म्हणजे अर्ध्या टीएमसीहून थोडं जास्त. आता उणे ५० चा हिशेब करा: ५३.५७ चं निम्मं २६.७९, ते ६३.६६ मधून वजा केलं की ३६.८७ टीएमसी उरतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली की त्यांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी होतो. उणे ५० ला असलेल्या, बातमीच्या भाषेत ‘तळ गाठलेल्या’, उजनीत याहून जास्त पाणी असतं. उजनी खरोखर ठणठणीत कोरडी पडायची तर आकडा उणे ११९ च्या आसपास जावा लागेल. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे ६० ला टेकला होता. तेव्हाही साडेएकतीस टीएमसी शिल्लक होतं. आजोबांना तळ दिसला नाही, तो यामुळे.

मग शून्याची रेघ एवढी वर का मारली? घरातला तोटीचा माठ आठवा. तोटी माठाच्या बुडाला नसते, चार बोटं वर असते. पाणी तोटीखाली गेलं की तोटीतून थेंब येत नाही, पण माठ रिकामा झालेला नसतो. ओगराळं घालून काढावं लागतं इतकंच. उजनीची तोटी म्हणजे कालव्याचं तोंड. भीमेचं पात्र खोलगट आणि दोन्ही बाजूंची रानं उंच. त्या रानांना मोटार न लावता, नुसत्या उतारानं पाणी पोचवायचं तर कालवा नदीच्या तळापासून बराच वर सुरू करावा लागतो. तोटी वर गेली, की तिच्याखालचं सगळं पाणी कागदावर ‘मृत’ होतं. काही भाग गाळासाठीही सोडलेला असतो, पण उजनीच्या बाबतीत मुख्य कारण हेच. आकड्यात सांगायचं तर मृतसाठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि पूर्ण भरल्याची ४९६.८३ मीटर. मधलं अंतर ५.८० मीटर, म्हणजे एकोणीस फूट. सोलापूर जिल्ह्यातले ऊस, केळी, मोर्चे, आमदारांची भांडणं, सगळं या एकोणीस फुटांत चालतं.

‘मृतसाठा’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्यातलं पाणी मासे जगवतं, गुरं जगवतं, काठावरच्या हजारो मोटारींना जगवतं. मृत असतं ते फक्त कालव्याच्या दृष्टीनं.

याच्या उलट कोयना बघा. कोयनेत एकूण १०५.२५ टीएमसी मावतं, म्हणजे उजनीपेक्षा कमीच. पण तिथला मृतसाठा पाच टीएमसीच्या आसपास आहे. कोयना डोंगराच्या घळीत आहे, पाणी खोल आणि पसारा लहान, साधारण ११५ चौरस किलोमीटर. उजनी माळरानावर पसरलेली. भरली की तीनशे चौरस किलोमीटरांच्या वर जाते. कोयना हंडा आहे, उजनी परात. दोन्हींत पाणी जवळपास सारखं, पण परातीतलं उथळ. सरासरी काढली तर कोयनेची खोली सव्वीस मीटरच्या आसपास येते, उजनीची दहा. उजनीचं पुढचं सगळं वागणं या परातीतून समजतं.

पहिली गोष्ट मोजणीची. भरल्या उजनीत पाणी एक सेंटीमीटर चढलं म्हणजे सुमारे ३३ लाख घनमीटर वाढलं, ०.१२ टीएमसीच्या आसपास. पाच सेंटीमीटरची चूक झाली तर टक्का एकाहून जास्त हलतो. मी नोकरीला लागलो तेव्हा नेमणूक एका लहान धरणावर होती. सकाळी सहाचं गेज, म्हणजे पट्टीवरची पाण्याची पातळी, घ्यायचं, कोष्टकात पातळीसमोरचा साठा शोधायचा आणि तारेनं कळवायचा. पहिल्याच आठवड्यात वारं सुटलं होतं. पट्टीवर पाणी वर जातंय, खाली येतंय; मी वरच्या टोकाचा आकडा धरला आणि कळवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वारं पडलं आणि पाऊस नसताना, दरवाजे बंद असताना धरणातलं पाणी रात्रीतून ‘गायब’ झालं. वरून विचारणा आली. तिथले चौकीदार मामा तीस वर्षं तेच काम करत होते. ते मला म्हणाले, “साहेब, लाट वर आली की एक आकडा बघायचा, खाली गेली की एक बघायचा, असं दहा वेळा करायचं आणि मग मधला लिहायचा. पाणी काय पळून जात नाही.” ते लहान धरण होतं, म्हणून निभावलं. परातीवर तेवढीच चूक केली तर दुसऱ्या दिवशी ‘उजनी एका रात्रीत दोन टक्के घटली, पाणी चोरीला?’ असा मथळा बघायला मिळतो. त्यामुळे एका दिवसाच्या टक्क्या-अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून कुणावर आरोप करू नका. चार दिवसांचा कल बघा.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. तुमच्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याचा थर दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उडून जातो. जलाशयाचा पसारा आटून दीडशे चौरस किलोमीटरवर आला असं धरलं, आणि दिवसाला एक सेंटीमीटर उडालं, तर ते १५ लाख घनमीटर झालं, म्हणजे रोज १५० कोटी लिटर. पुण्यासारखं शहर दिवसाला जेवढं पाणी उचलतं त्याच्या जवळपास. हे कुणी पीत नाही, कुणाच्या उसाला लागत नाही. धरण माळावर बांधलं की हा खर्च आलाच. उजनीवर तरंगती सौर पॅनेलं टाका, वर काहीतरी अंथरा, असं दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी सुचवतं. एवढ्या पसाऱ्यावर ते कितपत झाकणार, याचं उत्तर मात्र कुणी देत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या नजरेसमोरची आहे. परातीच्या कडा उथळ असतात, म्हणून पातळी मीटरभर उतरली की काठ अर्धा-पाऊण किलोमीटर मागे सरकतो. इंदापूर आणि करमाळ्याच्या काठावर एप्रिलमध्ये हे बघावं. मोटार पाण्यासोबत पुढे न्यायची, पाइप जोडत जायचा, केबल लांबवायची, पाणी आणखी आत गेलं की जेसीबी लावून चर खोदायचा आणि पाणी मोटारीपर्यंत ओढून आणायचं. रात्री केबल चोरीला जाऊ नये म्हणून चिखलातच खाट टाकून झोपायचं. मागे सरकलेल्या जागेवर गाळपेर होतं. ओल्या गाळात ज्वारी, कडवळ, कलिंगड झपाट्यानं येतं. काठावरच्या गावांना धरण उणे गेल्याचं पेपरातून कळत नाही, पाइपाचे तुकडे मोजून कळतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो: उणे असताना सोलापूरला पाणी कसं जातं?

धरणाला पाणी बाहेर काढायची तोंडं एकापेक्षा जास्त असतात. कालव्यांची तोंडं वर असतात, नदीत पाणी सोडणारं विमोचक त्यांच्यापेक्षा खाली असतं. म्हणून कालव्याची तोटी बंद पडते तेव्हाही नदीत पाणी सोडता येतं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. पातळी ४९१.०३ च्या खाली गेली की त्याच मिनिटाला कालवा कोरडा पडतो, असं नाही. तोंडावरचा पाण्याचा दाब कमी होतो, विसर्ग घटत जातो, आणि शेपटाकडच्या चाऱ्यांना, म्हणजे पोटपाटांना, पाणी पोचेनासं होतं. ‘उणे झालं तरी कालवा सुरू होता की!’ असं गावात कुणी म्हणालं तर तो माणूस खोटं बोलत नाही. पण त्या पाण्यानं कुणाची पाळी पुरी झाली आणि कुणाची राहिली, हेही त्याला विचारा.

हे झालं भिंतीचं कारण. दुसरं कारण कायद्याचं. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं आहे. २००३ च्या धोरणात उद्योग शेतीच्या आधी होते, २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचा पहिला क्रमांक कधीच हलला नाही. त्यामुळे उन्हाळ्यात खाली उरलेलं पाणी आधी सोलापूर आणि पंढरपूरसारख्या गावांचं, मग बाकीच्यांचं.

पण तुमचा राग मला समजतो, आणि माझ्या मते तो पूर्ण चुकीचा नाही. सोलापूरला नदीतून पाणी नेणं ही मोठी उधळपट्टी आहे. उजनीतून सोडलेलं पाणी पंढरपूरवरून पुढे टाकळी, चिंचपूर, औज या बंधाऱ्यांपर्यंत न्यायचं, अंतर दोनशे किलोमीटरांहून जास्त. मेमधल्या कोरड्या पात्रात पाणी सोडलं की पहिला वाटा वाळूचा. मग मधल्या बंधाऱ्यांचा, मग उन्हाचा, मग दोन्ही काठच्या मोटारींचा. पाणी वाहत असताना नदीकाठची वीज ठरावीक तास बंद ठेवायचे आदेश निघतात, ते यासाठीच. अशा एका वेळेला पाच टीएमसीच्या घरात पाणी सोडावं लागतं. आता हिशेब करा: सोलापूरसाठी आखलेली समांतर जलवाहिनी रोजच्या १७ कोटी लिटरची आहे. ती वर्षाचे ३६५ दिवस पूर्ण क्षमतेनं चालली, तरी वर्षाला लागेल सव्वादोन टीएमसीच्या आतच. नदीतली एक खेप पाच टीएमसी, आणि ती पुरते दोनेक महिने. म्हणून मी कालव्यावरच्या शेतकऱ्यांना नेहमी सांगत आलो की सोलापूरच्या पाइपलाइनसाठी सोलापूरकरांपेक्षा तुम्ही जास्त ओरडा. त्यातून वाचलेल्या पाण्यावर हक्क सांगायला तुम्ही मोकळे असाल. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: नदीतून जाणारं पाणी सगळंच वाया जात नाही. काठच्या विहिरी त्यावरच भरतात, आणि त्या विहिरींचे मालकही शेतकरीच आहेत. त्यांना पाइपलाइन नको आहे.

पावसाळ्यात हाच खेळ उलटा चालतो. उजनीच्या स्वतःच्या परिसरात पाऊस बेताचाच. पाणी येतं सह्याद्रीतून, आणि वाटेत घोड, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा या नद्यांवरची धरणं आधी भरतात. ती भरून सांडली की मग उजनीला येवा, म्हणजे पाण्याची आवक, सुरू होतो. म्हणून जुलैत तुमच्याकडे एक थेंब नसताना उजनी वाढते, आणि तुमच्याकडे धो-धो पडत असताना वाढत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते, पुढे घोड मिळते, आणि सगळ्याची बेरीज दौंडला मोजली जाते. म्हणून पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, “दौंडला किती चालू आहे?” खडकवासल्यातून सोडलेलं पाणी दौंडला यायला साधारण दिवसभर लागतो, तेवढी आगाऊ खबर मिळते.

दौंडचा आकडा क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) असतो आणि साठा टीएमसीत, त्यामुळे लोक गोंधळतात. एकच संख्या पाठ करा: ११,५७४. एवढे क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. म्हणजे एक लाख क्युसेक दिवसभर चालले तर साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त. उणे ६० वरून शंभर टक्क्यांवर यायला १६० टक्के, म्हणजे ८५.७ टीएमसी लागतं. एक लाख क्युसेक सलग दहा दिवस. २०२४ मध्ये जूनला उणे ६० वर असलेली उजनी ऑगस्टमध्ये भरली. लोकांना चमत्कार वाटला, पण गणित एवढंच होतं.

भरल्यावर आणखी एक कोडं पडतं: धरण १११ टक्के कसं भरतं? पूर्ण पातळीच्या ४९६.८३ मीटरच्या वर अर्धा मीटर पाणी आणखी अडवता येतं. परात मोठी असल्यानं तेवढ्या अर्ध्या मीटरात सहा टीएमसीच्या आसपास मावतं आणि एकूण साठा १२३ च्या घरात जातो. तो अर्धा मीटर कधी भरायचा हा दरवर्षीचा वाद. शेतकरी म्हणतात ऑगस्टमध्येच भरा, पुढं पाऊस पडेल न पडेल. पूर नियंत्रण बघणारे म्हणतात थांबा, जागा मोकळी ठेवा. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी असतात, आणि नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. वीर धरणातून सोडलेलं पाणी तिथे उजनीच्या पाण्यात जमा होतं. उजनीचे ४१ दरवाजे उघडताना उजनीचा एकटीचा विचार करून चालत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात पाऊस परतीला लागायच्या सुमारास कोसळला. धरण आधीच भरलेलं, पाणी ठेवायला जागाच नव्हती, आणि पंढरपूरपासून खालपर्यंत गावांत पाणी शिरलं. असा ऑक्टोबर एकदा पाहिलेला अधिकारी पुढची दहा वर्षं तो अर्धा मीटर भरायला घाबरतो. मी त्याला दोष देणार नाही.

गाळाबद्दल एवढंच सांगतो: ‘मृतसाठ्यात गाळ भरलाय, उपयुक्त साठा शाबूत आहे’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गाळ आधी पडतो तो नदी जलाशयात शिरते आणि तिचा वेग मोडतो त्या वरच्या टोकाला. तिथला बराच गाळ उपयुक्त साठ्याचीच जागा खातो. तुमच्या टक्क्याचं कोष्टक जुन्या मोजणीवर असेल, तर शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के पाणी नसतं.

शेवटी, न विचारलेल्या उसाबद्दल. टक्का बघून ऊस लावू नका, तारीख बघून लावा. १५ ऑक्टोबरचा साठा हा वर्षाचा पाया धरतात आणि त्यावरून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, ठरतात. बैठकीत किती आवर्तनं जाहीर झाली ते ऐका, आणि त्यातलं शेवटचं उन्हाळी आवर्तन ‘साठा राहिल्यास’ या शब्दांसह जाहीर झालं असेल, तर ते नाहीच असं धरून चाला. त्यातून तुमचं शेत चारीच्या शेपटाला असेल तर आणखी एक वजा करा. २०२३ च्या ऑक्टोबरात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली होती. ज्यांनी तो आकडा ऐकून खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडला आणि ज्वारी पेरली, त्यांनी पुढच्या मेमध्ये टँकर विकत घेतले नाहीत.